जागा शिकवावी, थांबणे नव्हे

बुलढाणा जिल्ह्यात गाव कुठले असे विचारले की आधी घाटावरचे की घाटाखालचे, हे सांगावे लागते. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. राघूंना हा भेद नाही. ज्वारी दाण्यात आली, मक्याची कणसे भरली की दोन्हीकडे त्यांचे हिरवे थवे ओरडत उतरतात आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो. या थव्यांबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. अर्धे कणीस कुरतडून टाकून देण्याची त्यांची खोड तर कुणालाही चीड आणणारी. पण राघू फार शिटतात, अशी तक्रार शेतात ऐकू येत नाही. येणार कशी? मोकळा पोपट एका जागी टिकतच नाही. तो खातो एका झाडावर, ऊन टाळतो दुसऱ्यावर आणि रात्रीला तिसऱ्यावर जातो. त्याची घाण त्याच्या मागे राहते, मातीत पडते आणि मातीची होते. तोच पक्षी खोलीत आणला की पलंगपोस, सतरंजी, खांदा, पुस्तकांचे कपाट, सगळीकडे पांढरे-हिरवे ठिपके दिसू लागतात आणि घरातले वैतागतात. पोपटाची सवय बदललेली नसते. आपण तिला चार भिंतींत आणलेले असते. म्हणून तिची काळजी घेण्याचा भारही आपल्यावरच येतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती सोडून या विषयावर लिहिणे योग्य होणार नाही. आपला गळ्याला कंठी असलेला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. करण पोपट आणि रानातले इतर देशी पोपटही त्यात आले. 'आमच्याकडे आजोबांच्या काळापासून राघू आहे' हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही आणि पक्ष्याच्या बाजूने पाहिले तरी टिकू नये. हिवाळा सरता सरता राघू झाडाच्या ढोलीत नाहीतर जुन्या भिंतीच्या भोकात अंडी घालतात. उन्हाळ्याच्या तोंडी तिथली पिल्ले काढली जातात, डोळे नुकते उघडलेली, अंगावर पिसे नसलेली. त्यातली किती वाटेतच मरतात, हे बाजारात पोपट घेणाऱ्याला दिसत नाही. घरात असा राघू असेल तर त्याला कुठे शिटायचे हे शिकवण्यापेक्षा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करणे हेच पहिले काम. त्याला तसाच आकाशात सोडून देणेही बरोबर नाही, कारण हातावर वाढलेल्या पक्ष्याला दाणा शोधता येत नाही आणि शिकरा ओळखता येत नाही.

तेव्हा हा लेख परदेशी वंशाच्या, पिंजऱ्यातच जन्मलेल्या पोपटांबद्दल आहे. आपल्याकडे ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरिगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि वेगळे. त्यांच्या जोडीला डोक्यावर तुरा असलेले कॉकाटेल. पैसेवाल्या हौशी घरांत सन कोन्युर, आफ्रिकन करडा पोपट, मकाव असे मोठे पक्षीही आता दिसतात. त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करणे 2024 च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. या सगळ्यांचे मालक पहिल्या महिन्यातच एक प्रश्न विचारतात: याला एका जागी शी करायला शिकवता येते का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्यातला अर्धा भाग लोक ऐकत नाहीत. पोपटाला जागा शिकवता येते आणि शिकवावी. थांबून धरणे मात्र शिकवू नये. या दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत. पहिलीने पक्ष्याला घरात मोकळीक मिळते, दुसरीने तो आजारी पडतो.

हा फरक कळायला पक्ष्याच्या शरीरात डोकावावे लागेल. पोपटाला आपल्यासारखे मूत्राशय नसते. मूत्रपिंडांतून येणारे मूत्र आणि आतड्यातून येणारा मळ एकाच कोठडीत उतरतात. या कोठडीला अवस्कर म्हणतात. संस्कृतात अवस्कर म्हणजे केरकचरा, मळ. शास्त्रातला 'क्लोएका' हा शब्दही लॅटिनमध्ये सांडपाण्याच्या गटारासाठी होता. नावे ठेवणाऱ्यांनी दोन्हीकडे एकच विचार केलेला दिसतो. मादीचे अंडेही याच वाटेने बाहेर येते. म्हणूनच पोपटाच्या एका शिटीत तीन पदार्थ एकत्र असतात: हिरवट किंवा तपकिरी वळी म्हणजे मळ, तिच्यावरचा चुन्यासारखा पांढरा भाग म्हणजे घट्ट झालेले मूत्र आणि भोवती थोडेसे स्वच्छ पाणी. आपण अंगातला नत्रयुक्त कचरा युरियाच्या रूपात बाहेर टाकतो. युरिया विरघळवायला भरपूर पाणी लागते. पक्षी तोच कचरा यूरिक आम्लाच्या रूपात टाकतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे पाणी फारसे खर्च होत नाही. शिवाय अवस्करात आलेले मूत्र मागे आतड्याच्या शेवटच्या भागात ढकलले जाते आणि तिथे त्यातले उरलेसुरले पाणी शोषून घेतले जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखाने ही काटकसर कौतुकाने पाहावी अशी आहे. तिचे मूळ अंड्यात आहे. बंद कवचातल्या पिल्लाचा कचरा पाण्यात विरघळणारा असता तर त्यात त्याचेच अंग भिजून विषारी झाले असते. घट्ट, न विरघळणारे यूरिक आम्ल एका कोपऱ्यात निमूट पडून राहते.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. साठवायची पिशवीच नाही, म्हणून पक्षी वारंवार शिटतो. उडणाऱ्या देहाला वजन नको असते आणि त्याचे पचनही झपाट्याने चालते. तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा बजरिगर जागेपणी दर पंधरा-वीस मिनिटांनी, म्हणजे दिवसातून चाळीस-पन्नास वेळा शिटतो. आफ्रिकन करड्या पोपटाचे अंतर मोठे असते, मकावचे त्याहून मोठे. दुसरी गोष्ट साफसफाई करणाऱ्याच्या कामाची: पांढरा भाग पाण्यात विरघळत नाही, म्हणून ओल्या फडक्याने घाईत पुसला तर तो फक्त पसरतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जुन्या जाणत्यांचाही असतो. पक्ष्याला या क्रियेवर ताबाच नाही, तर शिकवणार काय? हे खरे नाही, आणि त्याचा पुरावा पक्षीच देतात. रात्रभर झोपलेला पोपट सहसा शिटत नाही. सकाळी उठल्यावर त्याची पहिली शीट दिवसातली सर्वांत मोठी असते. अंड्यांवर बसलेली मादी तर तासन्‌तास थांबते, कारण ढोली घाण झाली तर अंडी बिघडतील. बाहेर आली की ती एवढा मोठा आणि उग्र वासाचा गोळा टाकते की बजरिगर पाळणारे नवखे लोक घाबरून जातात. अवस्कराच्या तोंडाशी स्नायूंचे वळे असते आणि त्यावर पक्ष्याची सत्ता चालते. किती चालावी हे त्याचे शरीर आणि ऋतू ठरवतात. पिल्लांतही हे दिसते, पण जातीजातीत फरक आहे. आपल्या गाण्यांत राघू-मैना नेहमी जोडीने येतात, घरट्यातली त्यांची शिस्त मात्र वेगळी. मैनेच्या पिल्लाची विष्ठा पातळ पापुद्र्याच्या थैलीत बांधलेली बाहेर पडते आणि आईबाप ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. पोपटाच्या पिल्लांना अशी थैली नसते. ती मागे सरकत सरकत कडेला जातात आणि तिथे शिटतात. म्हणजे 'आपण बसतो तिथून बाजूला' एवढी समज पोपटाच्या अंगात जन्मजात असते. शिक्षणाचा पाया तोच.

शिकण्याची कुवत पोपटात किती असते, हे नव्याने सांगायला नको. इरीन पेपरबर्ग या संशोधिकेने 1977 साली शिकागोच्या एका दुकानातून आणलेला ॲलेक्स हा आफ्रिकन करडा पोपट 2007 मध्ये मरण पावला. त्या तीस वर्षांत तो वस्तूंची नावे, रंग, आकार सांगू लागला होता आणि सहापर्यंतच्या संख्या ओळखत होता. एवढी बुद्धी असलेल्या पक्ष्याला कागदाची जागा ओळखणे अवघड नाही. अवघड काम माणसाचे आहे, आणि ते म्हणजे पाहणे. शिटण्याआधी पोपट क्षणभर थबकतो, हालचाल थांबवतो, पाय किंचित फाकवतो, एखादे पाऊल मागे घेतो, अंग जरा फुगवतो, बूड खाली झुकवून शेपटी वर उचलतो. हे सगळे दोन-तीन सेकंदांत होते. नंतर शेपटी झटकतो आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो. चार दिवस घड्याळ जवळ ठेवून नुसते पाहिले तरी त्या पक्ष्याचे अंतर, त्याच्या खुणा आणि त्याच्या आवडत्या जागा कळतात. बहुतेक लोक हे चार दिवस देत नाहीत आणि मग पोपट शिकत नाही म्हणतात.

खरे तर ही विद्या मराठी घरांना नवी नाही. तान्ह्या बाळाला पायांवर उकिडवे धरून 'शूऽऽ' असा आवाज करणारी आजी हेच करत असते. बाळ झोपेतून उठले की, दूध प्याले की, चुळबुळ करू लागले की ती त्याला उचलते. तिला वेळ माहीत असते, खूण माहीत असते, आणि ती जागा व आवाज यांची सांगड घालते. काही आठवड्यांत तो आवाज ऐकून बाळ मोकळे होते. आजी बाळाला थांबायला मात्र सांगत नाही. इतक्या लहान जिवाला 'आत्ता नको, धरून ठेव' म्हणणे तिला सुचणारही नाही. पोपटाच्या बाबतीत माझे सगळे म्हणणे या आजीच्या शहाणपणात मावते.

प्रत्यक्ष रीत साधी आहे. सकाळी पिंजऱ्यावरचे कापड काढले की पोपटाला बोटावर घ्यायचे आणि आधीच ठरवलेल्या दांडीवर बसवायचे. तिच्याखाली पसरट ट्रे आणि त्यात वर्तमानपत्राचा साधा कागद. पहिली मोठी शीट येणारच असते. ती येत असतानाच ठरलेला शब्द हळू आवाजात म्हणायचा आणि झाली रे झाली की कौतुक करून सूर्यफुलाचे एक बी द्यायचे. उशीर नको. दहा सेकंदांनी दिलेले बी पोपट दहा सेकंदांपूर्वीच्या कामाशी जोडत नाही. मग त्याला मोकळे सोडायचे. लहान पक्षी असेल तर पंधरा मिनिटांनी, मोठा असेल तर त्याच्या स्वतःच्या अंतराने, पुन्हा दांडीवर आणायचे. जेवणानंतर, झोपेतून उठल्यावर आणि पिंजऱ्याबाहेर काढताना ही फेरी चुकवायची नाही. काही आठवड्यांत पोपट दांडीवर बसताच शिटू लागतो, आणि कित्येक मोठे पोपट पुढे स्वतःच उडत तिथे जाऊन परत येतात. शब्द निवडताना एक काळजी घ्यावी. मराठीत 'शी' हा शब्द त्या क्रियेसाठीही आहे आणि किळस दाखवायलाही. घरात कुणी दुधात माशी पडली म्हणून 'शी!' म्हटले तर पोपटाने काय समजावे? शिवाय तो शब्द तो स्वतः बोलायला शिकणार, पाहुण्यांसमोर बोलणार. रोजच्या बोलण्यात न येणारा, सौम्य असा एखादा शब्द घ्यावा आणि घरातल्या सर्वांनी तोच वापरावा. बजरिगरकडून मकावएवढी अपेक्षा ठेवू नये. दर वीस मिनिटांनी मोकळे होणाऱ्या पक्ष्याच्या दहापैकी सहा शिटी जागेवर पडल्या तर ते चांगले शिक्षण समजावे. त्याच्या बसायच्या ठरलेल्या ठिकाणांखाली कागद पसरून ठेवला की उरलेल्यांचे ओझे राहत नाही.

इथवर सारे ठीक. गडबड होते ती पुढे, आणि ती हौशी, प्रेमळ, शिस्तीच्या घरांतच होते. पोपट शब्द ऐकून शिटतो हे पाहिले की माणसाला मोह होतो: आता शब्द ऐकल्याशिवाय शिटूच नये. खांद्यावर बसून शिटला की रागावायचे, दांडीवर शिटला की लाड करायचे. हुशार पोपट यातून जो धडा घेतो तो माणसाने दिलेला नसतो. तो जागा शिकत नाही, तो परवानगी शिकतो. मालक कामावर गेला, गावाला गेला, शब्द उच्चारणारे कुणी नाही, तर तो धरून ठेवतो. पुन्हा पुन्हा धरल्याने अवस्कर ताणले जाते, स्नायूंचे वळे ढिले पडते आणि कधी आतला भाग बाहेर येतो. पक्ष्यांचे डॉक्टर हा प्रकार विशेषतः माणसाचा फार लळा लागलेल्या ककाटू जातीच्या पोपटांमध्ये पाहतात. बाहेर आलेला तो लालसर मांसल भाग सुकू देऊन चालत नाही. तासाभराचा उशीरही महागात पडतो, शस्त्रक्रिया करावी लागते आणि तरी तो प्रकार पुन्हा होऊ शकतो.

आपल्या परंपरेत यासाठी एक चपखल दृष्टांत आहे: शुकनलिकान्याय. पारधी दोरीवर एक पोकळ नळी ओवून ठेवतो. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने ती फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. घाबरून तो नळी आणखी घट्ट धरतो. त्याला कुणी बांधलेले नसते, पंख मोकळे असतात, पण आपण अडकलो या समजुतीने तो पाय सोडत नाही, आणि पकडला जातो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा दृष्टांत आत्म्याच्या बंधनासाठी आला आहे. धरून ठेवायला शिकलेल्या पोपटाकडे पाहताना तो अगदी शब्दशः आठवतो. ट्रे समोर आहे, कागद आहे, कुणी अडवलेले नाही, आणि तरी पक्षी आतल्या आत आवळून बसला आहे, कारण एका शब्दाची वाट पाहणे आपण त्याच्या अंगी बाणवले.

म्हणून चुकीच्या जागी पडलेल्या शिटीला काहीच उत्तर द्यायचे नाही, हा या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. न ओरडायचे, न चापट, न पिंजऱ्यात कोंडणे. अनेकांना हे पटत नाही. शिक्षेशिवाय चूक कळणार कशी, असे ते विचारतात. पण पोपटाच्या दृष्टीने त्याने चूक केलेलीच नसते. ओरडण्याने तो दोनपैकी एक गोष्ट शिकतो. माणूस जवळ असताना शिटणे धोक्याचे, म्हणून धरा. किंवा शिटले की माणूस मोठा आवाज करतो, मजा येते, म्हणून पुन्हा करा. पोपटाला आवाज आणि गडबड आवडते. पिंजऱ्यात परत ठेवणे तर दुहेरी नुकसानीचे, कारण शिटले की खेळ संपतो हे कळल्यावर खेळ लांबवण्यासाठी तो धरणारच. उलट, शब्द हा नेहमी निमंत्रण असावा. कधी कधी मुद्दाम शब्द न उच्चारता त्याला दांडीवर बसवावे, स्वतः शिटला तरी तेच कौतुक करावे. घरात कुणी नसताना पिंजऱ्यातल्या कागदावर भरपूर शिटी दिसल्या तर समाधान मानावे. दिवसभराने परत येऊन पिंजरा कोरा दिसला तर ती स्वच्छता नव्हे, धोक्याची खूण आहे.

काहींचा आक्षेप दुसऱ्या टोकाचा असतो: रानातल्या जिवाला माणसाच्या रीती शिकवणे हीच क्रूरता, पिंजऱ्यात कागद घालावा, रोज बदलावा, झाले. या म्हणण्यातली कणव मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. घरातला पोपट पिंजऱ्यात पडून का राहतो, याचे कारण घरोघरी एकच असते: बाहेर काढला की घाण करतो. पंख न वापरणारा पक्षी लठ्ठ होतो, कंटाळतो, स्वतःची पिसे उपटू लागतो. दांडीची सवय लागली तर त्याला रोज काही तास खोलीत उडता येते. म्हणजे ही सवय आपल्या सतरंजीपेक्षा त्याच्या पंखांसाठी जास्त उपयोगी आहे. पक्ष्यासाठी मिळणाऱ्या लंगोटीवजा कपड्याबद्दल मात्र माझे मत वाईट आहे. घाण अंगाला चिकटून राहते, पिसे दबतात, आणि आपल्याकडच्या उन्हात, विशेषतः घाटाखालच्या मे महिन्यात, आधीच चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या पक्ष्याला ते आणखी एक ओझे.

एकाच जागी पडलेली शीट वाचता येते, हा या सवयीचा लाभ कुणी सहसा सांगत नाही, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. पक्षी आजार लपवतो. कळपात दुबळा दिसणारा शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून तो शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचे सोंग करतो. शिटीला मात्र सोंग येत नाही. सकाळचा कागद उजेडात धरून तीन भाग वेगवेगळे पाहावेत. वळी घट्ट आणि आकार धरून आहे का? पांढरा भाग खरोखर पांढरा आहे का? पाणी किती? टरबूज, काकडी, पेरू खाल्ल्यावर पाणी वाढते, ते जुलाब नव्हेत. बीट खाल्ले तर शीट लाल दिसते. हे माहीत नसल्याने रक्त समजून लोक धावपळ करतात. पण खाण्यात काही वेगळे नसताना पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी हिरवा झाला तर यकृताकडे लक्ष द्यायला हवे. वळीच नाही, नुसते हिरवे पाणी आणि पांढरे, तर पक्ष्याने खाणे सोडले आहे, मग तो वाटीपाशी बसून दाणे चिवडण्याचे नाटक का करत असेना. अख्खे दाणे तसेच बाहेर येत असतील तर पचन बिघडले आहे. म्हणूनच ट्रेमध्ये भुसा किंवा वाळू नको. कागदावर जे दिसते ते भुशात लपते.

शिटीची दुसरी बाजू माणसाच्या आरोग्याची आहे. पोपटांत क्लॅमिडिया सिटासी नावाचा जिवाणू असू शकतो. वाळलेल्या शिटीची धूळ श्वासातून आत गेली की माणसाला ताप, जबर डोकेदुखी, कोरडा खोकला आणि न्यूमोनिया होतो. 1929-30 च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतून पाठवलेल्या पोपटांबरोबर हा आजार कित्येक देशांत पसरला. अमेरिकेत चार्ल्स आर्मस्ट्राँग या सरकारी संशोधकाने त्याचा शोध घेतला. त्यांचा प्रयोगशाळेतला सहकारी हेन्री अँडरसन यात दगावला आणि आर्मस्ट्राँग स्वतः मरता मरता वाचले. जानेवारी 1930 मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. आज या आजारावर प्रतिजैविके आहेत, डॉक्सीसायक्लिनने रुग्ण बरा होतो, पण डॉक्टरला घरात पक्षी आहे हे सांगितले तरच त्याला शंका येणार. घाबरून पक्षी टाकून देण्याचे कारण नाही. झाडण्याची पद्धत बदलण्याचे आहे. पिंजऱ्याखाली कोरडा झाडू मारणे ही आपल्याकडची सर्रास चूक. वैशाखात शीट तासाभरात वाळून तिची पूड होते आणि झाडूच्या फटकाऱ्याने ती नाकाच्या उंचीला येते. आधी कोमट पाणी शिंपडावे, दोन-तीन मिनिटे भिजू द्यावे, मग कागदाने उचलून घ्यावे आणि शेवटी फडके फिरवावे. पसरणारा पांढरा भाग यानेच निघतो. ट्रेमधला कागद रोज सकाळी आतल्या बाजूने घडी घालून उचलावा, झटकू नये. हे काम लहान मुलांना सांगू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

शेवटी एक प्रसंग प्रत्येक शिकवलेल्या पोपटाच्या घरी कधी ना कधी येतो. महिनोन्‌महिने दांडीवर जाणारा पक्षी अचानक कुठेही शिटू लागतो. घरच्यांना वाटते, विसरला किंवा माजला. बहुतेक वेळा कारण तिसरेच असते. नवा पाहुणा, हललेला पिंजरा, फटाके, दिवाळीची रंगरंगोटी अशा धास्तीने शीट पातळ आणि वारंवार होते. ते दोन-तीन दिवसांत निवळते. मादी असेल तर अंडे येऊ घातलेले असू शकते. आणि काही वेळा तो खरोखर आजारी असतो, त्याला दांडीपर्यंत जाण्याइतकेही थांबता येत नसते. अशा वेळी शिकवण पुन्हा सुरू करण्याचा हट्ट धरू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. पक्ष्याची नीट तपासणी हवी असेल तर घाटाखालच्या गावांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ पडते. पक्ष्याला उन्हातून नेऊ नका, पहाटे निघा, पिंजऱ्यावर ओलसर सुती कापड टाका. आणि निघताना ट्रेमधला त्या दिवशीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत घ्या. डॉक्टर पोपटाला हात लावण्याआधी तोच मागतील.